पेटी, तीन किल्ल्या आणि एक घोडा

मराठी माणूस ज्याला तीन-चार पिढ्या पाटलोण म्हणत आला आणि पुढे चारचौघांत जरा बरं दिसावं म्हणून पॅंट म्हणू लागला, ते वस्त्र निदान नावापुरतं तरी व्हेनिसच्या एका कंजूष म्हाताऱ्याचं आहे. म्हाताऱ्याचं नाव पान्तालोने. हा कधी जन्मला नाही, त्यामुळे मेलाही नाही. नाटकातलं पात्र. लाल घट्ट विजार, वर काळा झगा, टोकदार दाढी, पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेला चामड्याचा मुखवटा आणि कमरेला पैशाची थैली. त्याच्या विजारीवरून शब्द उचलला फ्रेंचांनी, त्यांच्याकडून इंग्रजांनी आणि इंग्रजांकडून आपण. शब्द आपल्यापर्यंत पोचेतो विजार सैल झाली, थैली गळून पडली आणि म्हातारा वाटेतच कुठेतरी राहिला. शब्दांच्या असल्या वंशावळी काढायची मला खोड आहे. घरात तिची किंमत शून्य. "इतिहास कळला ना? आता ती पाटलोण पलंगावरून उचला आणि खुंटीला लावा," एवढाच अभिप्राय मला मिळाला. पण मी म्हाताऱ्याचा माग काढत गेलो, तो त्याच्या सगळ्या खटल्यातच अडकून पडलो.

खटलं म्हणजे इटलीतला मुखवट्यांचा विनोदी नाटकधंदा. त्याला 'कोमेदिया देल्लार्ते' म्हणतात. यातलं 'आर्ते' वाचून आपल्या डोळ्यांसमोर लगेच कलादालन, झब्बा आणि समीक्षक उभे राहतात. तसलं काही नाही. इथे आर्ते म्हणजे कसब, पेशा. सुताराचा असतो, चांभाराचा असतो, तसा हा नटाचा. म्हणजे हौशी मंडळींचं नव्हे, पोटासाठी करणाऱ्यांचं नाटक. हे नावही अठराव्या शतकात रुळलेलं. खुद्द मंडळी आपल्या नाटकाला 'आयत्या वेळचं' म्हणत, कारण संवाद लिहिलेले नसत.

या धंद्याचा जन्मदाखला मात्र चक्क उपलब्ध आहे, आणि तो वाचून मला या माणसांबद्दल जो जिव्हाळा वाटला तो कुठल्याही नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथाने वाटला नसता. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ शहरात आठ माणसं एका नोटरीपुढे गेली आणि त्यांनी करारनामा केला. आपण आठजण भावाभावांसारखे एक कंपनी काढून गावोगाव नाटकं करू. मुदत पुढल्या वर्षीच्या लेंटच्या उपासापर्यंत. मुख्य झानिनी ऊर्फ माफ्फेओ, आणि नाटकाच्या कामात त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. सामान वाहायला सामाईक पैशातून एक घोडा घ्यायचा. कुणी आजारी पडलं तर त्याचा खर्च कंपनीने करायचा. कुणी मध्येच पळून गेलं तर दंड शंभर लिरे. मिळकत एका पेटीत ठेवायची, पेटीला तीन किल्ल्या, एक माफ्फेओकडे आणि उरलेल्या दोन आणखी दोघांकडे. सगळ्यांच्या संमतीवाचून पेटी उघडायची नाही. जूनमध्ये पादुआला परतल्यावर वाटणी.

आणि शेवटचं कलम तर सोन्याच्या अक्षरांत लिहावं असं. आपसांत पत्ते किंवा दुसरा जुगार खेळायचा नाही, फक्त खाण्याच्या जिनसांवर पैज लावून खेळलं तर चालेल. हे कलम घालणाऱ्या माणसाला नट जमात किती आतून ठाऊक असली पाहिजे! मी आयुष्यात दोन सोसायट्यांच्या आणि एका वाचनालयाच्या घटना तयार होताना पाहिल्या आहेत. त्यांत उपविधी, पोटनियम, गणपूर्ती सगळं होतं; पण सभासद भांडणार हे गृहीत धरून तीन किल्ल्या करायचं शहाणपण एकीतही नव्हतं. युरोपातली पहिली व्यावसायिक नाटक कंपनी म्हणून या आठांचा दाखला देतात. करारात सौंदर्याबद्दल, रसाबद्दल, रंगभूमीच्या सेवेबद्दल अक्षर नाही. घोडा, आजारपण, पैसे आणि जुगार. नाटकाबद्दल जे काही महत्त्वाचं आहे ते आलं.

आता पात्रं. ती ठरलेली. पान्तालोने आलाच. त्याचा दोस्त किंवा शत्रू (सोयीप्रमाणे) म्हणजे बोलोन्याचा दोत्तोरे. तिथलं विद्यापीठ जुनं, त्यामुळे गावात विद्वान मुबलक. हा कायदा आणि लॅटिन यांची अशी भेळ करतो की ऐकणाऱ्याला फक्त चटणी लागते. तिसरा कापितानो, म्हणजे बढाईखोर शिपाई. इटलीचा मोठा भाग तेव्हा स्पेनच्या टाचेखाली होता. स्पॅनिश कप्तानाला रस्त्यात हसणं अंगाशी आलं असतं, म्हणून लोक तिकीट काढून हसत. मग तरुण प्रेमिकांच्या जोड्या. त्यांना मुखवटा नाही, भाषा शुद्ध तोस्कानी. त्यांचं लग्न होऊ नये म्हणून वरचे तिघे झटणार आणि व्हावं म्हणून नोकर झटणार.

नोकर म्हणजे झान्नी. हे ज्योवान्नी नावाचं गावरान रूप, आपल्याकडे गणपतीचा गण्या व्हावा तसं. बेर्गामोच्या डोंगरांतली माणसं पोटामागे व्हेनिसला येऊन हमाली करत. अंगावर ढगळ पांढरे कपडे, तोंडात शहरी माणसाला हसू येईल अशी बोली आणि पोटात भूक. ही भूक लक्षात ठेवली पाहिजे, कारण अर्धा विनोद तिच्यावर चालतो. झान्नीचा एक खेळ असा: भुकेने कासावीस झालेला तो एक माशी बघतो, दबा धरून पकडतो, पंख काढतो आणि चवीने खातो. अशा स्वतंत्र खेळांना 'लात्सी' म्हणत. प्रेक्षक पोट धरून हसत. हसणाऱ्यांपैकी किती जण स्वतः जेवून आले होते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या झान्नींतूनच पुढे धूर्त ब्रिगेल्ला निघाला आणि ठिगळांच्या कपड्यातला आर्लेक्किनो. ठिगळांचे पुढे नीटस रंगीत चौकोन झाले. गरिबी जुनी झाली की तिची नक्षी होते, हे मी साड्यांच्या दुकानातही पाहिलेलं आहे. आर्लेक्किनोच्या कमरेला दोन फळ्यांची एक काठी असते. मारलं की आवाज तोफेसारखा आणि लागत काही नाही. राजकारणात हिचा उपयोग पुढे बराच झाला. नेपल्सचा पुल्चिनेल्ला वेगळा: पांढरा सदरा, काळा मुखवटा, बाकदार नाक. तो बाहुली होऊन इंग्लंडला गेला. सॅम्युएल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. इंग्रजांचा तो प्रसिद्ध मिस्टर पंच हाच.

संवाद लिहिलेले नाहीत म्हणजे वाटेल ते बडबडायचं, असा समज होईल. ज्यांनी कधी लग्नात आयत्या वेळी चार शब्द बोलायचा प्रसंग भोगला आहे त्यांना कळेल की वाटेल ते बोलणं ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. विंगेत एक कागद टांगलेला असे. त्यावर कोण कुणाला भेटतो, कोणती चिठ्ठी कुणाच्या हाती पडते, एवढं टिपण. आत येणारा नट कागदावर नजर टाकायचा आणि रंगमंचावर उडी घ्यायचा. बाकी सारं डोक्यात. प्रेमिकांनी विरहाची, मत्सराची, माफी मागण्याची भाषणं पाठ करून ठेवलेली. दोत्तोरेकडे लॅटिनचा साठा. कापितानोकडे मारलेल्या शत्रूंची यादी. शिवाय एक नट बहुधा एकच मुखवटा आयुष्यभर करायचा. तीस वर्षं रोज पान्तालोने केल्यावर त्याला संवाद कशाला हवा? फ्लामिन्यो स्काला या नटाने १६११ साली अशी पन्नास टिपणं छापली. आज ती वाचायला गेलं तर रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटतात. गाडी कुठे थांबते ते कळतं, प्रवासाची मजा कळत नाही. हे या लोकांचं दुर्दैव. आयुष्यभर बोलले आणि बोललेलं हवेत गेलं.

बायका रंगमंचावर आल्या त्या याच कंपन्यांतून. १० ऑक्टोबर १५६४ रोजी रोममध्ये झालेल्या एका करारात पुरुष नटांच्या रांगेत लुक्रेत्सिया नावाच्या सिएनाच्या बाईचं नाव आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक रंगमंचावर बाई उभी राहायला १६६० उजाडलं. तोवर शेक्सपिअरच्या ज्युलिएटला रोमिओच्या विरहापेक्षा मिसरूड फुटण्याची धास्ती जास्त. चर्चला अर्थातच हे पसंत नव्हतं. प्रेमिकेचा मुखवटाही नाही म्हटल्यावर पाप थेट दिसू लागलं.

पण इझाबेल्ला आन्द्रेइनीपुढे धर्मगुरूंनाही जरा सांभाळून बोलावं लागलं असणार. जन्म पादुआ, १५६२. जेलोसी नावाच्या कंपनीत नायिका, नवरा फ्रान्चेस्को त्याच कंपनीत. हा तरुणपणी तुर्कांच्या हाती सापडून आठ वर्षं गुलाम होता असं त्याच्याबद्दल सांगतात. सुटून आल्यावर तो बढाईखोर कप्तानाची भूमिका करू लागला. खरोखर युद्ध पाहिलेल्या माणसानेच ती करावी. इझाबेल्लाने १५८८ मध्ये 'मिर्तिल्ला' हे नाटक छापलं, कविता लिहिल्या, पावियाच्या विद्वत्सभेने तिला सभासद करून घेतलं. १५८९ च्या मे महिन्यात फ्लोरेन्सला मेदिची घराण्यात लग्न होतं. वधू फ्रेंच राजघराण्याच्या नात्यातली. कंपनीत दोन नायिका, आणि दोघींचा हट्ट की माझं नाटक. (कंपनी बदलते, हे भांडण बदलत नाही.) शेवटी दोन्ही ठरली. व्हित्तोरिया पिइस्सिमीने जिप्सी मुलीचं नाटक करून वाहवा मिळवली. मग थोड्या दिवसांनी इझाबेल्लाने 'इझाबेल्लाचं वेड' केलं. प्रियकर दुरावल्याने वेडी झालेली ती रंगमंचावर धावत सुटली. कधी स्पॅनिश बोले, कधी ग्रीक, मग फ्रेंच बोलत फ्रेंच गाणी म्हणू लागली. नवी नवरी खुलली. आणि मग आपल्याच कंपनीतल्या पान्तालोनेची, दोत्तोरेची, झान्नीची, कापितानोची, एकेकाची बोली हुबेहूब काढत सुटली. शेवटी मंतरलेलं पाणी पिऊन शुद्धीवर आली. माझ्या मते हा सूड होता. एका नायिकेशी स्पर्धा होती ना? हिने अख्खी कंपनीच एकटीने करून दाखवली.

१६०४ साली फ्रान्सहून परतताना ल्यों शहरात गर्भपात होऊन ती गेली. वय ४२. ज्या धंद्याला चर्च नावं ठेवी त्या धंद्यातल्या बाईला त्या परक्या शहराने मानाने पुरलं. तिच्या नावाचं पदक पाडलं गेलं. फ्रान्चेस्कोने जेलोसी कंपनी मोडली. मागे राहिलेली तिची पत्रं नीट लावून त्याने १६०७ मध्ये छापून घेतली, आणि त्याच वर्षी स्वतःच्या कप्तानाच्या बढायाही. शेजारी शेजारी दोन पुस्तकं. उभं आयुष्य हवेत बोललेलं निदान थोडं तरी कागदावर राहावं, असं त्याला वाटलं असणार.

जेलोसींचा फ्रान्सचा पहिला मोठा दौराही असाच. तिसऱ्या हेन्री राजाने त्यांना बोलावलं आणि वाटेत ह्युगेनो बंडखोरांनी अख्खी कंपनी पकडून ठेवली. राजाला खंडणी भरून नट सोडवावे लागले. नटांवर खंडणी म्हटल्यावर त्यांचा भाव वाढला असणारच. १९ मे १५७७ ला पॅरिसमध्ये पहिला खेळ लागला. माणशी चार सू तिकीट. एका पॅरिसकराने रोजनिशीत नोंदवलंय की शहरातल्या चार उत्तम प्रवचनकारांना मिळून जेवढी गर्दी होत नसे तेवढी इथे झाली. महिन्याभरात तिथल्या न्यायसभेने खेळांवर बंदी घातली. कारण कळण्याजोगं आहे. बंदी राजाने उठवली.

फ्रान्सच्या राजांनी या मंडळींचे लाड पुष्कळ केले. त्रिस्तानो मार्तिनेल्ली हा आपल्याला नावाने ठाऊक असलेला पहिला आर्लेक्किनो. १६०१ च्या सुमारास त्याने ल्योंला एक ग्रंथ छापला: 'आर्लेक्किनो महाशयांच्या वक्तृत्वरचना'. प्रकाशनस्थळ, जगाच्या टोकापलीकडे. अर्पण राजाला. पृष्ठं सत्तर, त्यांतली एकोणसाठ कोरी. उरलेल्या पानांत मागणी एवढीच की राजाने पदकासह सोन्याची साखळी द्यावी. ग्रंथलेखनाचा इतका प्रामाणिक हेतू मी दुसऱ्या कुठल्या प्रस्तावनेत वाचलेला नाही. आणि वक्तृत्वावरची पुस्तकं मी चाळली आहेत. एकोणसाठ पानं कोरी ठेवली असती तर बहुतेकांचं बरंच भलं झालं असतं.

पुढे स्कारामुच म्हणून गाजलेला तिबेरियो फ्योरिल्ली. दोन वर्षांचा राजपुत्र, म्हणजे पुढचा चौदावा लुई, रडायचा थांबेना; फ्योरिल्लीने त्याला मांडीवर घेऊन अशी तोंडं केली की बाळराजे हसले आणि हसता हसता त्याच्या अंगावर राजकृपा करते झाले, असं सांगतात. लुईने पुढे अनेकांवर अनेक कृपा केल्या, पण ही पहिली. म्हातारपणी हा गृहस्थ पाय उचलून समोरच्याच्या थोबाडीत मारू शकायचा. १६५८ साली मोलिएर पॅरिसला आला तेव्हा त्याला पती-बूर्बों थिएटर मिळालं ते या इटालियनांच्या भागीत; चांगले वार त्यांचे, उरलेले याचे. मोलिएरसारख्याला हे पोटभाडेकरूपण चांगलंच मानवलं. फ्योरिल्लीपाशी बसून तो शिकला असं त्याचे शत्रू टोमणे मारत आणि मित्र कौतुकाने म्हणत. १६६० मध्ये त्याच थिएटरात त्याने 'स्गानारेल' केलं. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते आणि नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं, मर्फीवरून देवलांनी आधी 'तसबिरीचा घोटाळा' आणि मग १९१६ साली 'संशयकल्लोळ'. तेव्हा आपला फाल्गुनराव बायकोवर डोळे वटारतो त्यात थोडासा इटालियन रक्ताचाही दोष आहे. पाटलोण एकटी आली नव्हती.

याच दरबारातला आर्लेक्किनो दोमेनिको ब्यांकोलेल्ली. इटालियन मंडळी फ्रेंच बोलू लागली म्हणून फ्रेंच नटांनी राजाकडे फिर्याद नेली. त्यांचा वकील बोलून झाल्यावर ब्यांकोलेल्लीने विचारलं, "महाराज, मी कोणत्या भाषेत बोलू?" राजा म्हणाला, "बोल हवं त्या भाषेत." "मग झालं, मी खटला जिंकलो!" ही गोष्ट कुणी रचलेली असली तरी खपून जावी इतकी बेतशीर आहे. त्याचं मरण मात्र रचलेलं नाही. १६८८ मध्ये राजापुढे एका नृत्यशिक्षकाची नक्कल करत तो नाचला. राजा खूष दिसला म्हणून आणखी नाचला. घामाने निथळलेल्या अंगाला गार हवा लागली आणि काही दिवसांत न्यूमोनियाने गेला. थिएटर महिनाभर बंद ठेवलं. राजा मात्र तोच. १६९७ साली 'खोटी सोवळी' नावाच्या नाटकाची जाहिरात लागली, ती राजाच्या गुप्तपणे लग्न केलेल्या बायकोवर, मादाम द मॅन्तनोंवर आहे अशी कुजबूज झाली, आणि मांडीवर खेळवलेल्या त्या बाळाने मंडळींना पॅरिसबाहेर काढलं. परत बोलावणं आलं ते तो मेल्यावर, १७१६ मध्ये.

शेवटचं भांडण व्हेनिसमध्ये झालं आणि त्यात मला अजून कोणाची बाजू घ्यावी ते ठरवता आलेलं नाही. एका बाजूला कार्लो गोल्दोनी. हा वकील. १७४५ मध्ये पिसाला वकिली करत असताना त्याला आन्तोन्यो साक्की या नटाचं पत्र आलं: दोन मालकांचा एक नोकर, असा विषय आहे, मला नाटक करून दे. गोल्दोनीने दिवसा पक्षकार सांभाळले आणि रात्री नाटक. बराच भाग त्याने साक्कीच्या तोंडावरच सोडून दिला होता. पण पुढे त्याला लात्सींचा, तेच ते मुखवट्यांचं गुऱ्हाळ पाहण्याचा वीट आला. संवाद लिहिलेले हवेत, माणसांचे चेहरे दिसायला हवेत, म्हणून तो हट्टाला पेटला. १७५० च्या हंगामात एका वर्षात सोळा नाटकं लिहून देईन म्हणाला आणि दिली. नोकराचं नाटकही १७५३ मध्ये नीट लिहून छापलं.

दुसऱ्या बाजूला कार्लो गोत्सी, सरदार, चिडका, जुन्याचा अभिमानी. साक्की पोर्तुगालहून, १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर, परतला होता. गोत्सीने त्याच्या कंपनीला फुकट नाटकं लिहून दिली. २५ जानेवारी १७६१ ला 'तीन संत्र्यांचं प्रेम' लागलं. आजीबाईच्या गोष्टीवर, जुन्या मुखवट्यांसकट, आणि त्यात गोल्दोनीची टिंगल. व्हेनिस लोटलं. पुढल्या वर्षी गोल्दोनी वैतागून पॅरिसला निघून गेला. आणि तिथल्या इटालियन नटांनी त्याला काय सांगावं? की संवाद नकोत, टिपण द्या, बाकी आम्ही पाहतो!

बिचारा तिथेच म्हातारा झाला. क्रांतीने पेन्शन बंद केली. ६ फेब्रुवारी १७९३ ला तो वारला आणि दुसऱ्या दिवशी सभेने पेन्शन पुन्हा चालू करण्याचा ठराव केला. पेन्शनचं हे खातं जगभर एकाच घड्याळावर चालत असावं. साक्की त्याआधीच, १७८८ मध्ये, जेनोव्हाहून मार्सेयला जाताना बोटीवर मेला. गाठीला काही नव्हतं. प्रेत समुद्रात सोडलं. ज्याच्या बोलण्यावर व्हेनिस आणि लिस्बन हसलं त्याचं बोलणं आज कुठे सापडतं? ज्याने त्याच्या उत्स्फूर्तपणावर लेखणी चालवली त्या गोल्दोनीच्या छापील नाटकात, तेवढंच.

आणि तेच नाटक १९४७ साली मिलानच्या नव्याने निघालेल्या पिक्कोलो थिएटरात जॉर्जो स्ट्रेहलरने उभं केलं. मार्चेल्लो मोरेत्ती आर्लेक्किनो झाला. अडचण अशी की मुखवटा कसा करायचा हेच सगळे विसरले होते. पुठ्ठा-कापडाचा करून पाहिला, तो टोचे, घामाने भिजे. मोरेत्तीने कंटाळून तोंडाला काळा रंग फासून प्रयोग केले. मग आम्लेतो सार्तोरी नावाच्या शिल्पकाराने लाकडाच्या साच्यावर चामडं ठोकून मुखवटा घडवण्याची विद्या पुन्हा जमवली. हा सार्तोरी पादुआचा. १५४५ च्या त्या पेटीच्या गावचा.

मोरेत्ती १९६१ मध्ये गेला. त्यानंतर फेरूच्चो सोलेरीने ती भूमिका २०१८ पर्यंत केली, हजारांनी प्रयोग. त्यात तो माशी पकडायचा, पंख काढायचा आणि खायचा, थेट झान्नीसारखी. कोलांट्या मारायचा, शिडीवर चढायचा, बशा झेलायचा. प्रेक्षक म्हणत, काय चपळ पोरगा आहे! मग शेवटच्या टाळ्यांना तो पुढे येऊन मुखवटा काढायचा. आतून ऐंशी उलटलेल्या माणसाचा घामेजलेला चेहरा बाहेर यायचा, आणि टाळ्या क्षणभर थांबायच्या.